क्रमाला क्रम जुळला म्हणजे काय सिद्ध होतें ?

जमिनीची प्रत म्हणजे काय हें ज्यांस समजावून सांगावें लागत नाहीं अशाच वाचकांच्या हातीं हें मासिक जातें, म्हणून विषयाची सुरुवात तेथूनच करतों. मुंबई इलाख्यांतील जमिनींची प्रतबंदी ज्या नियमांनीं झाली, ते नियम गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन या तीन अंमलदारांनीं १८४७ च्या संयुक्त अहवालांत कायम केले. त्यांत जमिनीच्या नऊ प्रती धरल्या असून पहिल्या प्रतीस १६ आणे, आणि पुढें उतरत्या क्रमानें १४, १२, १०, ८, ६, ४॥, ३ व शेवटच्या प्रतीस २ आणे असें सापेक्ष मोल दिलें आहे.

या आंकड्यांकडे जरा निरखून पाहावें. पहिली प्रत सोडून दुसरीवर आलें म्हणजे दोन आणे, म्हणजे मोलाचा आठवा हिस्सा जातो. आठवी सोडून नववीवर आलें म्हणजे एकच आणा जातो, पण तो मोलाचा तिसरा हिस्सा असतो. प्रतीचा नंबर मात्र दोन्हीं ठिकाणीं एकानेंच बदलतो. नंबर हा पुढें कोण व मागें कोण एवढेंच सांगतो. मधलें अंतर किती हें सांगण्याची त्याची शक्तीच नाहीं. जेथें नुसते क्रम हातीं येतात तेथें आणे आपल्या नजरेआड झालेले असतात, ही गोष्ट प्रथम ध्यानांत धरावी.

त्याच अहवालांतील दुसरी गोष्ट याहूनहि बोधप्रद आहे. उत्तम काळ्या जमिनीची खोली पावणेदोन हात असली तर पहिली प्रत, दीड हात असली तर दुसरी, सव्वा हात तर तिसरी, असें करीत पाव हात खोलीस सातवी प्रत नेमून दिली होती. आतां एखाद्यानें त्या कोष्टकांतील खोलीचा क्रम एका रांगेंत व प्रतीचा क्रम दुसऱ्या रांगेंत मांडला, तर दोन्हीं रांगा तंतोतंत जुळतील. चुनखडी, रेताड मिश्रण, उतार इत्यादि दोषांमुळें प्रत खालीं जाते तेवढाच काय तो अपवाद. परंतु या जुळण्यानें काय सिद्ध झालें ? कांहींच नाहीं ! मोजणीकामगारानें खोली पाहूनच प्रत लिहिली. मग प्रत खोलीशीं जुळेल नाहीं तर कोणाशीं? अलीकडे देशांचे व जिल्ह्यांचे जे ‘मानव विकासा’चे क्रम छापून येतात, त्यांत शिक्षण हा एक घटक आधींच मिसळलेला असतो. तरीहि ‘जेथें शिक्षण अधिक तेथें विकास अधिक’ असा निष्कर्ष त्याच क्रमांवरून काढणारे विद्वान भेटतात. दुधांत पाणी आपणच घालावें आणि मग दुधांत पाणी सांपडलें म्हणून आश्चर्य करावें, तशांतला हा प्रकार होय.

हें सर्व आज मांडण्याचें कारण असें. गांवोगांवच्या सभांतून एक वाक्य हटकून ऐकूं येतें: शिक्षण वाढलें कीं मुलींची घटती संख्या आपोआप सावरेल. जमीन बाळगून असलेल्या, चार बुकें शिकलेल्या आमच्या वर्गाला हें वाक्य फार गोड लागतें. कारण त्यांत दोष नेहमीं दुसऱ्याच्या, अडाण्याच्या, दारीं जातो. तेव्हां हें वाक्य आंकड्यांवर घासून पाहणें हें आपलें कर्तव्यच आहे.

दोन क्रमांचा मेळ मोजण्याची सोपी रीत चार्लस स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञानें १९०४ सालीं प्रसिद्ध केली. हा गृहस्थ आधीं लष्करांत अधिकारी होता. रीत अशी: प्रत्येक ठिकाणच्या दोन क्रमांतील फरक काढावा, त्याचा वर्ग करावा, सर्व वर्गांची बेरीज घ्यावी व तिला ६ नें गुणावें. मग जितकीं ठिकाणें असतील त्या संख्येच्या वर्गांतून १ वजा करून त्या बाकीस पुन्हां त्याच संख्येनें गुणावें, आणि या गुणाकारानें पहिल्या गुणाकारास भागावें. आलेला भागाकार १ मधून वजा केला म्हणजे गुणक मिळतो. क्रम पूर्णपणें जुळले तर गुणक १ येतो. एक क्रम दुसऱ्याच्या बरोबर उलटा असला तर उणे १. आणि मेळहि नाहीं व विरोधहि नाहीं अशी स्थिति असली तर शून्याच्या आसपास. गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणासहि हें दिव्याखालीं बसून करतां येईल.

२०११ च्या जनगणनेच्या वेळीं पांच कोटींवर लोकवस्तीचीं दहा राज्यें होतीं. आपणांस सोयीचीं राज्यें वेंचल्याचा आरोप येऊं नये म्हणून तींच घेतों. पहिला आंकडा सात वर्षें व त्यावरील लोकांतील साक्षरांचे शेंकडा प्रमाण, दुसरा सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागें मुलींची संख्या, कंसांत क्रम.

महाराष्ट्र : ८२.३ (१), ८९४ (८)
तामिळनाडू : ८०.१ (२), ९४३ (३)
गुजरात : ७८.० (३), ८९० (९)
पश्चिम बंगाल : ७६.३ (४), ९५६ (१)
कर्नाटक : ७५.४ (५), ९४८ (२)
मध्यप्रदेश : ६९.३ (६), ९१८ (६)
उत्तरप्रदेश : ६७.७ (७), ९०२ (७)
आंध्रप्रदेश (विभाजनापूर्वींचा) : ६७.० (८), ९३९ (४)
राजस्थान : ६६.१ (९), ८८८ (१०)
बिहार : ६१.८ (१०), ९३५ (५)

फरकांचे वर्ग अनुक्रमें ४९, १, ३६, ९, ९, ०, ०, १६, १, २५, बेरीज १४६. तिची सहापट ८७६. दहाचा वर्ग १००, त्यांतून एक वजा ९९, त्याची दहापट ९९०. तेव्हां गुणक ०.१२ च्या आंत येतो. साक्षरतेंत पहिला असलेला आपला महाराष्ट्र मुलींच्या बाबतींत आठवा, आणि साक्षरतेंत अगदीं शेवटचा बिहार पांचवा !

हा ०.१२ म्हणजे बारा टक्के नव्हे. शेंकडा बारा मुली शिक्षणामुळें वांचल्या असा अर्थ त्यांतून कोणी काढील तर ती घोडचूक होईल. अर्थ समजण्यास मॉरिस केंडॉल यानें १९३८ सालीं सुचविलेली दुसरी रीत अधिक उपयोगी आहे. दहा राज्यांच्या दोन-दोनांच्या जोड्या ४५ होतात. प्रत्येक जोडींत साक्षरतेनें जें राज्य पुढें तेंच मुलींच्या प्रमाणांतहि पुढें आहे काय, एवढेंच पाहावयाचें. तसें पाहतां २५ जोड्या अनुकूल पडतात व २० प्रतिकूल. अनुकूलांचें आधिक्य पांच. पांचास ४५ नीं भागिलें कीं ०.११. म्हणजे कोणतींहि दोन राज्यें पुढें ठेवून ‘जास्त शिकलेलें कोणतें तें सांगतों, मुली कोठें अधिक तें तुम्ही ओळखा’ असा डाव मांडला, तर नाणें उडवून उत्तर देणारा साक्षरतेवर भरंवसा ठेवणाऱ्याच्या फारसा मागें राहणार नाहीं.

उलट, गुणक शून्याजवळ आला म्हणजे दोन गोष्टींचा संबंधच नाहीं, असेंहि समजूं नये. पाऊस व पीक यांचे क्रम मांडले तर पाऊस अगदीं थोडा तेथेंहि पीक गेलेलें, अतोनात तेथेंहि गेलेलें, व मध्यम तेथें उत्तम, असें दिसेल. क्रमांचा मेळ शून्य. संबंध मात्र पोट भरण्याइतका खरा. हा गुणक एका दिशेनें चढणारा किंवा उतरणारा संबंधच ओळखतो. शिवाय निरनिराळ्या जातीचे दोन गट एका रांगेंत बसविले, तर एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारानें पुसला जाणें शक्य असतें. आपल्या कोष्टकांत तसें झालें असेल काय ?

तें पाहण्यासाठीं दक्षिणेंतील केरळ (९४.०, ९६४), तामिळनाडू, कर्नाटक व आंध्र हीं चारच घ्या. क्रम १, २, ३, ४ विरुद्ध १, ३, २, ४. गुणक ०.८ ! सभेंतील वक्त्यास याहून उत्तम पुरावा तो कोणता हवा ? आतां उत्तर व पश्चिमेकडील आठ घ्या: महाराष्ट्र, गुजरात, पंजाब (७५.८, ८४६), हरियाणा (७५.६, ८३४), मध्यप्रदेश, उत्तरप्रदेश, राजस्थान व बिहार. येथें वर्गांची बेरीज ११८ आणि गुणक उणे ०.४ येतो. म्हणजे या बाजूस मेळ उलट्या दिशेचा. साक्षरतेंत पुढें तीं राज्यें मुलींत मागें. एकाच जनगणनेंतून दोन वक्ते दोन परस्परविरुद्ध व्याख्यानें देऊं शकतील, आणि दोघांचेहि आंकडे बिनचूक असतील.

मात्र या दोन्हीं गुणकांवर भार किती घालावा याला मर्यादा आहे. चार चिठ्ठ्या एकामागून एक काढल्या तर त्या २४ प्रकारें निघूं शकतात. त्यांपैकीं एका प्रकारांत क्रम पूर्ण जुळतो, आणि तीन प्रकारांत फक्त शेजारचे दोन उलटतात. या चारहि प्रकारांत गुणक ०.८ किंवा अधिक येतो. म्हणजे डोळे मिटून चिठ्ठ्या काढणारासहि सहांतून एकदां असा ‘पुरावा’ सांपडावयाचा. निव्वळ योगायोगाची शंका बरीचशी फिटावी, म्हणजे तसें घडण्याचा संभव विसांत एकापेक्षां अधिक नसावा, असा दंडक पाळला, तर दहा ठिकाणीं गुणक सुमारें ०.६५ व आठ ठिकाणीं सुमारें ०.७४ हवा, मग तो अधिक असो वा उणा. त्या हिशेबानें उत्तरेकडील उणे ०.४ हाहि संशयच निर्माण करतो, निकाल देत नाहीं. दक्षिणेचा ०.८ तर त्याहूनहि दुबळा, कारण तो अवघ्या चार साक्षीदारांचा आहे. ठिकाणें किती होतीं हें न सांगतां जो नुसता गुणक सांगतो, त्याचा गुणक बाजूस ठेवावा हें बरें.

आतां स्थळ सोडून काळाकडे वळूं. आपल्या महाराष्ट्राची साक्षरता १९९१ सालीं शेंकडा ६४.९, २००१ सालीं ७६.९ व २०११ सालीं ८२.३ होती. त्याच तीन सालीं सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचें प्रमाण ९४६, ९१३ व ८९४ होतें. एक रांग चढती, दुसरी उतरती. गुणक उणे १. तीनच नोंदी आहेत हें विसरूं नये, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे, जी जी गोष्ट या वीस वर्षांत वाढत गेली तिचा तिचा मेळ याच रीतीनें उणे १ येईल. मोटारसायकलींचा येईल, पक्क्या घरांचाहि येईल. शिक्षणानें मुली मारल्या असें म्हणणारा तितकाच चुकेल जितका शिक्षणानें मुली आपोआप वांचतात असें म्हणणारा. याच काळांत गर्भाचें लिंग दाखवूं शकणारें सोनोग्राफीचें यंत्र तालुक्याच्या गांवापर्यंत पोहोंचलें, आणि कुटुंबें लहान झालीं. त्या यंत्राचा असा उपयोग करण्यास आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानें १९८८ सालीं, देशांत प्रथम केला. मध्यवर्ती कायदा १९९४ सालीं झाला, १ जानेवारी १९९६ पासून अंमलांत आला व २००३ सालीं अधिक कडक करण्यांत आला. कायदा अगोदर आणि घट नंतरहि चालूच, हा क्रम पाहून कायद्यानेंच घट झाली असें कोणी म्हणत नाहीं. मग साक्षरतेच्या बाबतींत तेंच तर्कशास्त्र कां चालावें ?

निसर्गतः जन्मास येतांनाच मुलगे थोडे अधिक असतात. सुमारें १०५ मुलग्यांस १०० मुली, म्हणजे हजारीं ९५० च्या आसपास, असें साधारण मानलें जातें. पुढें सहा वर्षांपर्यंतच्या बालमृत्यूंचा परिणामहि वरील आंकड्यांत मिसळलेला असतो. तो ध्यानांत घेतला तरी ८९४ किंवा ८३४ हा आंकडा कोणाच्या तरी हाताचें काम आहे, याबद्दल शंका उरत नाहीं. प्रश्न एवढाच कीं, तो हात कोणाच्या घरांतला ?

आणि येथेंच राज्यांचे क्रम आपणांस अर्ध्या वाटेवर सोडून जातात. अमेरिकेंतील समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यानें १९५० सालीं एक निबंध लिहून ही अडचण कायमची दाखवून दिली. तेथील १९३० च्या जनगणनेवरून त्यानें परदेशांत जन्मलेले लोक व निरक्षरता यांचा संबंध तपासला. माणसागणिक पाहतां परदेशांत जन्मलेल्यांत निरक्षरता किंचित् अधिक होती. गुणक अधिक ०.१२. परंतु ४८ राज्यांचे आंकडे घेतले तर गुणक उणे ०.५३ आला, परदेशी लोक जेथें अधिक त्या राज्यांत निरक्षरता कमी! उलगडा साधा आहे: बाहेरून आलेले लोक अशा राज्यांत जाऊन राहिले कीं जेथील मूळचे रहिवासी अधिक शिकलेले होते. (त्याचे गुणक क्रमांचे नसून प्रत्यक्ष प्रमाणांचे होते; परंतु अडचण तीच.) राज्याविषयीं जें खरें तें त्या राज्यांतील घराविषयीं खरें असेलच असें नाहीं. बिहारमध्यें साक्षरता कमी व मुली तुलनेनें अधिक, यावरून तेथील निरक्षर घरांतच मुली वांचतात असें ठरत नाहीं. तसेंच महाराष्ट्राच्या आंकड्यावरून येथील शिकलेलीं घरेंच दोषी असेंहि ठरत नाहीं. त्यासाठीं घराघराची नोंद पाहावी लागेल. त्यांत आईचें शिक्षण, बापाचें शिक्षण, जमीन किती, पाणी किती, आणि पहिलें अपत्य काय होतें, हें सर्व निरनिराळें मांडावें लागेल.

माझा स्वतःचा संशय जमिनीवर आहे, तो येथें संशय म्हणूनच नोंदवितों. वारसनोंदींचे कागद वर्षानुवर्षें ज्याच्या हातांखालून गेले, त्याला एक गोष्ट दिसल्यावांचून राहत नाहीं. वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाप्रमाणें जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्रांत १९९४ च्या दुरुस्तीनें व देशभर २००५ च्या दुरुस्तीनें मिळाला. पण बाप वारला म्हणजे फेरफाराबरोबर बहिणींचें हक्कसोडपत्र तयार ठेवण्याची घाई जितकी पाण्याखालच्या जमिनीस होते तितकी माळरानास होत नाहीं. ज्या घरीं वांटून जाण्यासारखें कांहीं नाहीं, तेथें मुलगी हिस्सेदार म्हणून डोळ्यांवर येत नाहीं. कालव्यांच्या पाण्याचे पंजाब-हरियाणा वरील आठ राज्यांत सर्वांत तळाशीं आहेत, हेंहि या संशयास पोषक दिसतें. परंतु नुकतेंच जें वर सांगितलें तें माझ्या संशयासहि लागू आहे. राज्यांचे क्रम त्याला पुरावा होऊं शकत नाहींत.

कित्येक सभासद विचारतील कीं, मग आपल्या तालुक्यापुरतें कांहीं करतां येईल कीं नाहीं ? येईल, पण गांवांचे क्रम लावून नव्हे. वर्षाकांठीं वीस जन्म होणारें एक गांव घ्या. दहा मुलगे, दहा मुली झाल्या तर प्रमाण १०००. एकाच जागीं मुलीऐवजीं मुलगा झाला, म्हणजे अकरा व नऊ, तर प्रमाण एकदम ८१८, हरियाणाच्याहि खालीं ! उलट झालें तर १२२२. एवढा चढउतार कोणाच्या पापपुण्याविना दरसाल होत असतो. अशा गांवांचे क्रम लावून पहिल्यास सत्कार व शेवटच्यास निंदा देणें म्हणजे फांशांचा हिशेब गांवच्या माथीं मारणें आहे; आणि पुढच्या वर्षीं तेच क्रम उलटले म्हणजे ‘सुधारणा झाली’ म्हणून हारतुरेहि तितक्याच अकारण घालणें आहे.

त्याऐवजीं ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदींतून पांच वर्षांची बेरीज घ्यावी, आणि तीहि गांवाची नव्हे, महसूल मंडळाची. तीस गांवें, गांवीं वीस जन्म, पांच वर्षें, म्हणजे तीन हजार मुलें झालीं. येथें एका मुलीच्या फरकानें प्रमाण एका-दोहोंहून अधिक हलत नाहीं. जन्म ज्या रुग्णालयांत झाला तेथील नोंद व आईवडिलांच्या गांवची नोंद यांत एकच मूल दोनदां धरलें जाणार नाहीं हें पाहावें. एका तालुक्यांत मंडळें थोडीं असतात, म्हणून शेजारचे दोन तालुके घेऊन निदान दहा मंडळें करावीं. मग त्यांचे क्रम एका रांगेंत आणि बागायती क्षेत्राच्या प्रमाणाचे क्रम दुसऱ्या रांगेंत मांडावे. साक्षरतेचे तिसऱ्या रांगेंत मांडून तिचा मेळ वेगळा काढावा. दोन मंडळें चौथ्या व पांचव्या जागीं समसमान आलीं, तर एकास चार व दुसऱ्यास पांच न देतां दोघांसहि ४॥ क्रम द्यावा आणि पुढच्यास सहावा. असे समसमान फार झाले तर वरील सोपी रीत थोडी चुकते. अशा वेळीं जोड्या मोजण्याची केंडॉलची रीत घ्यावी, व बरोबरीच्या जोड्या कोणत्याच बाजूस न धरतां त्या किती होत्या हें उत्तराबरोबर लिहावें.